नक्कल आणि प्रमाद

अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें मोठें क्षेत्र. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं तेथें लीळाचरित्र सिद्ध केलें. पुढें त्याच्या नकलांवरून नकला झाल्या. आणि लेखनिक कितीहि सावध असला तरी कोठें अक्षर गळालें, कोठें बदललें. हे पाठभेद संशोधकास त्रास देतात, पण तेच त्याचे वाटाडेहि होतात. एकच चूक दोन पोथ्यांत आढळली, तर त्या एकाच प्रतीच्या लेकी असाव्यात, असें तो ताडतो. सन २०२१ मध्यें वऱ्हाडांत उसळलेल्या साथीचा इतिहासहि असाच चुकांवरून वाचला गेला.

विषाणु ही चार अक्षरांत लिहिलेली चिमुकली पोथीच. पेशींत शिरून स्वतःच्या नकला करून घेणें, एवढाच तिचा व्यवसाय. पण सर्व विषाणूंचे लेखनिक सारखे नसतात. कांजिण्या व नागीण हे दोन्ही विकार ज्या एकाच विषाणूपासून होतात, तो हर्पीस कुळांतला. त्याची पोथी डीएनएची, सुमारे सव्वा लाख अक्षरांची. तिची नक्कल करणारें द्रव्य बसविलेलें अक्षर पडताळतें आणि चुकलें तर खोडून पुन्हां लिहितें. म्हणून बाळपणीं अंगांत शिरून मज्जातंतूंच्या मुळांशीं दडलेला हा विषाणु म्हातारपणीं नागीण होऊन बाहेर पडतो, तेव्हां तो बहुतांशीं जुनाच असतो. जपानांत ताकाहाशी यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या कांजिण्यांच्या लशीचा वाण अद्यापहि चालतो. अर्थात् हा लेखनिकहि अगदीं निर्दोष नाहीं. प्रतिकारशक्ति खालावलेल्या रोग्यास असायक्लोव्हिर दीर्घकाळ द्यावें लागलें, तर एखादी चुकलेली नक्कल त्या औषधास दाद देईनाशी होते.

कोरोना विषाणूची पोथी आरएनएची, सुमारे तीस हजार अक्षरांची. तिलाहि तपासनीस आहे, पण तो इतका चोख नव्हे. साथीच्या आरंभीं एकेका शाखेंत महिन्याकाठीं सरासरी दोन बदल सांचत गेले. बहुतेक बदल निरुपयोगी ठरतात. क्वचित् एखादा विषाणूच्या पथ्यावर पडतो.

फेब्रुवारी २०२१ मध्यें राज्यांत साथ ओसरल्यासारखी वाटत असतांना अमरावती, अकोला व यवतमाळ येथें रुग्ण झपाट्यानें वाढले. २२ फेब्रुवारीस अमरावती व अचलपूर येथें आठवड्याची टाळेबंदी सुरू झाली. अकोल्यांतहि निर्बंध आले. विलायती वाण शिरला, अशी वदंता उठली. पण पुण्यास तपासलेल्या अमरावती-यवतमाळच्या नमुन्यांत परदेशी वाण आढळले नाहींत. २४ मार्च रोजीं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें सांगितलें कीं, महाराष्ट्रांतील १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट बदल आहेत. विषाणूच्या काट्यांतील ४५२ व ४८४ हीं तीं स्थानें. प्रत्येक ठिकाणीं अवघें एक अक्षर चुकलेलें!

या बी.१.६१७ कुळाच्या पुढें शाखा झाल्या. ‘कप्पा’नें दोन्ही बदल बाळगले, ‘डेल्टा’त ४५२ चा राहिला, ४८४ चा नव्हता, आणि ४७८ चा निराळाच होता. पोथ्यांची वंशावळ लावावी तशीच ही भावंडें ओळखलीं गेलीं. डेल्टा मग जगभर पसरला.

मधल्या काळांत वृत्तपत्रांतून या वाणास अमरावतीचें नांव चिकटलें होतें. जेथें पोथी प्रथम वाचली जाते, तेथेंच ती लिहिली गेली असें मुळींच ठरत नाहीं. तरी घरचीं माणसें गमावलेल्या गांवावर हा डाग बसत होता. जागतिक आरोग्य संघटनेनें ३१ मे २०२१ रोजीं ग्रीक अक्षरांचीं नांवें दिलीं, तीं गांवांस व देशांस असा बोल लागूं नये म्हणूनच.

लेखनिकाच्या प्रमादास गांव जबाबदार नसतें. मात्र जितक्या नकला अधिक, तितके प्रमाद अधिक. एक संसर्ग टळला, म्हणजे असंख्य नकला लिहिल्याच गेल्या नाहींत. वऱ्हाडानें त्या उन्हाळ्यांत हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला.