रोहण: विदर्भातली जुनी ‘महोगनी’

मंगरुळपीरच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. “दादा, दोन एकरांत सोयाबीन बंद करून महोगनी लावू का? रीलवाले बारा वर्षांत करोडपती म्हणतात.”

उत्तर देतो, पण आधी इतिहास.

महोगनी मूळची कॅरिबियन बेटांवरची आणि मध्य अमेरिकेतली. १७२१ मध्ये ब्रिटनने वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली आणि लंडनच्या सुतारांची चांदी झाली. फळ्या रुंद, वाळल्यावर वाकत नाहीत, पॉलिश तर असं धरतात की बघत राहावं. जमैकात ही झाडं तोडणारे हात गुलामांचे होते, तेवढं मात्र त्या चकचकीत टेबलांवर दिसत नाही.

१७९५ मध्ये जमैकाची रोपं कलकत्त्याच्या कंपनी बागेत पोचली. बागेचा प्रमुख होता विल्यम रॉक्सबर्ग. आता गंमत ऐका. दोनच वर्षं आधी, १७९३ मध्ये, याच रॉक्सबर्गची एका ‘नव्या महोगनी’वरची पुस्तिका लंडनमध्ये छापली गेली होती. आणि ते झाड होतं आपला रोहण! विदर्भाच्या कोरड्या पानझडी जंगलातला, तोच. नाव ठेवलं ‘फेब्रिफ्युगा’, म्हणजे ताप पळवणारा, कारण सिंकोनाऐवजी त्याची साल चालेल अशी त्याला आशा होती. त्यानं हेही लिहून ठेवलंय की लाकूड लाल, जड, फार टिकाऊ, म्हणून लोक देवळांच्या कामाला तेच वापरतात. पुढे १८३० मध्ये रोहणला महोगनीतून काढून ‘सोयमिडा’ हे वेगळं नाव मिळालं. कूळ मात्र एकच. त्याच कुळात आपला कडुनिंबही येतो.

आता दोन एकरांचं. मोठ्या पानांची महोगनी भारतात १८७२ पासून आहे, म्हणजे नवलाईची गोष्ट नाहीच. तिची खरी खोड म्हणजे शेंडा पोखरणारी अळी. शेंडा मेला की खोड खालीच फुटतं आणि सरळ ओंडका मिळत नाही. शिवाय भाव असतो तो पिकलेल्या लाल गाभ्याला, आणि तो बारा वर्षांत कितीसा भरणार? माझं मत विचाराल तर सोयाबीन मोडू नका, बांधावर दहा-वीस झाडं लावून बघा. विकत घेणारा कोण, ते आधी लेखी विचारा.

आणि जंगलात काळपट, लाकडासारखं कडक, चांदणीगत उकललेलं फळ पडलेलं दिसलं, तर फोटो पाठवा. रोहणच असेल बहुतेक.