पुण्याचा कॅप्टन आणि आकाशातील जोडतारे

लग्न लागले की नवरा-नवरीला अरुंधती दाखवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. सप्तर्षीच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला खेटून बारीक दिसणारी चांदणी ती अरुंधती. ही जोडी नुसत्या डोळ्यांनी दिसते. पण लहानशी दुर्बीण वसिष्ठाकडे लावली तर आणखी एक गंमत दिसते. खुद्द वसिष्ठच दोन ताऱ्यांचा आहे! गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याने हे १६१७ मध्ये पाहिले. या दोघांमधले अंतर सुमारे १४ विकला. विकला म्हणजे किती? अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे पाच किलोमीटरवर ठेवले, तर ते जेवढे दिसेल तेवढी एक विकला.

अशा जोड्यांना जोडतारे म्हणतात. ग्रंथांत त्यांना युग्मतारे असे भारदस्त नाव आहे. आता कोणी म्हणेल, दोन तारे जवळ दिसले यात विशेष ते काय? रस्त्यावरून पाहताना जवळचे बाभळीचे झाड आणि लांबच्या टेकडीवरचे देऊळ एका रेषेत येतात, तसेच हे असेल. पुष्कळ काळ ज्योतिषीही असेच समजत होते. तो समज मोडला एका वादकाने.

विल्यम हर्शेल हा मूळचा हॅनोव्हरचा. इंग्लंडात बाथ या गावी तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवी, शिकवण्या करी, आणि उरलेल्या वेळात घरीच धातूचे आरसे घासून दुर्बिणी तयार करी. घरामागच्या बागेत दुर्बीण उभी करून तो एकेक तारा तपासत असे. १३ मार्च १७८१ रोजी त्याला युरेनस हा ग्रह सापडला, तोसुद्धा याच तपासणीत. ग्रह शोधायला तो बसलेला नव्हताच. पुढल्या वर्षी त्याने २६९ जोड्यांची यादी रॉयल सोसायटीपुढे मांडली. मग वीस वर्षांनी तेच तारे पुन्हा पाहिले. मिथुन राशीतला कॅस्टर, म्हणजे आपल्या पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी एक, त्याची दिशा बदललेली दिसली. जोडीतला एक तारा दुसऱ्याभोवती सरकला होता. १८०३ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. सफरचंद जमिनीवर ओढणारे न्यूटनचे गुरुत्वाकर्षण सूर्यमालेच्या बाहेरही चालते, याचा हा पहिला पुरावा. १८२७ मध्ये साव्हारी या फ्रेंच गणितीने सप्तर्षी तारकासमूहातल्याच एका जोडीची कक्षा काढून दाखवली. तिची फेरी साधारण ६० वर्षांची आहे. कक्षा कळली, अंतर कळले, की ताऱ्याचे वजन निघते. ताऱ्याला तराजूत घालायची याहून सरळ वाट नाही.

यात काम कोणते? जोडी शोधायची, दोन ताऱ्यांमधले अंतर मोजायचे, आणि धाकटा तारा थोरल्याच्या कोणत्या दिशेला आहे तो कोन मोजायचा. जुने निरीक्षक यासाठी दुर्बिणीच्या नेत्रिकेत कोळ्याच्या जाळ्याचे धागे ताणून बसवत. इतके करून तारीख घालून लिहून ठेवायचे, आणि थांबायचे. ताऱ्याची फेरी साठ वर्षांची, ऐंशी वर्षांची, कधी कित्येक शतकांची. एका माणसाने मोजावे, त्याच्या नातवाच्या वयाच्या माणसाने ते पुरे करावे, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच इथे मोठ्या वेधशाळेइतकाच परसातला माणूसही उपयोगी पडतो.

असाच एक माणूस आपल्या पुण्यात होता, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही. विल्यम स्टीफन जेकब हा १८१३ मध्ये इंग्लंडात जन्मला. कंपनीच्या नोकरीत मुंबई इंजिनिअर्सच्या पलटणीत तो आला आणि देशाच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीवर काम करू लागला. दिवसा जमीन मोजणाऱ्या या माणसाला रात्री आकाश मोजण्याची ओढ. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची खाजगी वेधशाळा उभारली. दुर्बीण डॉलंडच्या कारखान्याची, नळी पाच फुटांची. वेधशाळांच्या मानाने अगदी किरकोळ चीज. मध्यंतरी रजेवर जाऊन तो १८४५ मध्ये परत आला, कॅप्टनच्या हुद्द्यावर कंपनीची नोकरी सोडली आणि सारा वेळ ताऱ्यांना दिला. १८४८ मध्ये पुण्याहून पाहिलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी त्याने लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. काही जोड्यांच्या कक्षाही त्याने गणित करून काढल्या.

पुण्याचा एक फायदा मात्र लंडनला नव्हता. इथून दक्षिणेचे आकाश पुष्कळ खालपर्यंत दिसते. नरतुरंगातला 'मित्र' हा तेजस्वी तारा इंग्लंडातून कधी उगवतच नाही. आपल्याकडे तो मे महिन्याच्या रात्री दक्षिण क्षितिजावर दिसतो. हा तारा जोडतारा आहे हे रिशो नावाच्या फ्रेंच पाद्रीने १६८९ मध्ये पाहिले, तेही हिंदुस्थानातूनच, पाँडिचेरीहून.

१८४८ च्या अखेरीस जेकबची मद्रासच्या सरकारी वेधशाळेवर नेमणूक झाली. तिथे १८५५ मध्ये त्याने एक धाडसी गोष्ट लिहिली. भुजंगधारी समूहातली '७० ओफियुकी' ही जोडी गणिताप्रमाणे नीट चालत नाही, तेव्हा तिथे एखादा न दिसणारा ग्रह असावा, असे त्याचे म्हणणे. पुढे हे खरे ठरले नाही. इतक्या सूक्ष्म फरकाला त्या काळची मापे पुरेशी नव्हती. तरी मला त्याचे महत्त्व वाटते. दुसऱ्या सूर्याचा ग्रह ताऱ्याच्या चालीवरून ओळखावा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात फळाला आली. जेकब तिच्या मागे सुमारे १४० वर्षे आधी लागला होता.

त्याचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. पुण्याजवळ उंच डोंगरावर वेधशाळा बांधायची त्याची योजना होती. ब्रिटिश पार्लमेंटने १८६२ मध्ये तिच्यासाठी १,००० पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्याने स्वतःच्या पैशाने घेतली. ८ ऑगस्टला तो मुंबईत उतरला, पुण्याला पोहोचला आणि १६ ऑगस्टला वारला. भर पावसाळा होता. त्या दुर्बिणीतून इथला एक तारा बघण्याइतकीही उसंत त्याला मिळाली नाही.

पण त्याचे काम कसे पुढे गेले ते बघा. अनुराधा नक्षत्राच्या तीन ताऱ्यांपैकी उत्तरेकडचा तारा घ्या. त्याच्या पूर्वेला जवळच 'न्यू स्कॉर्पी' नावाचा मध्यम तेजाचा तारा आहे. लहान दुर्बिणीत तो दोन दिसतो, अंतर ४१ विकला. त्यातला मंद तारा पुन्हा दुहेरी आहे, हे १८४६ मध्ये अमेरिकेत मिशेलने आणि १८४७ मध्ये जेकबने पाहिले. तेजस्वी ताराही दुहेरी निघाला, तो १८७० नंतरच्या दशकात, शिकागोच्या बर्नहॅमच्या नजरेला.

हा शर्बर्न बर्नहॅम कोर्टात लघुलेखन करणारा कारकून. दिवसभर साक्षी-पुरावे उतरून घ्यायचे आणि रात्री घरच्या सहा इंची दुर्बिणीला डोळा लावायचा. लोक म्हणत, हर्शेल आणि मंडळींनी आकाश पिंजून काढल्यावर या लहान काचेला काय मिळणार? त्याच दुर्बिणीतून त्याने ४५१ नव्या जोड्या शोधल्या. पुढे मोठ्या वेधशाळांनी त्याला बोलावून घेतले, तरी लिकची नोकरी सोडून १८९२ मध्ये तो पुन्हा कोर्टात आला. १९०६ मध्ये त्याची १३,६६५ जोड्यांची सूची निघाली.

आज वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेच्या सूचीत दीड लाखाहून जास्त जोड्या आहेत, आणि हौशी लोकांची मापे तिच्यात घेतली जातात. पुष्कळ जोड्यांकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकलेले नाही. शाळेत तीन इंची दुर्बीण असेल तर शिक्षकांनी मुलांना वसिष्ठ दाखवावा, हंस समूहातला पिवळा-निळा अल्बिरिओ दाखवावा. मग दुर्बीण स्थिर ठेवून तारा नेत्रिकेतून सरकू द्यावा. तो ज्या बाजूला बाहेर जातो ती पश्चिम. यावरून जोडीची दिशा मुलांना वहीत काढता येते. वहीवर तारीख, वेळ आणि दुर्बिणीचे माप घालायला विसरू नये.

न्यू स्कॉर्पी मे-जून महिन्यांत, पाऊस सुरू होण्याआधी, रात्री चांगला वर येतो. तीन इंची काचेतून ४१ विकलांची जोडी सहज सुटेल. जेकबने पाहिलेली जोडी अडीच विकलांच्या आतली आहे. तिला हवा अगदी शांत हवी, आणि डोळाही थोडा सरावलेला हवा.