रामटंक्याची कुळकथा

तीर्थयात्रेहून परतताना प्रसाद, गंगाजळ आणि एखादा रामटंका आणायचा, ही उत्तरेतली जुनी चाल. एका बाजूला सिंहासनावर राम-सीता, दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेले राम-लक्ष्मण आणि भोवती नागरीत त्यांचीच नावे. ऐपतीप्रमाणे सोने, चांदी किंवा पितळ. हे चलन कधीच नव्हते. खासगी कारागिरांनी ठसा मारून पूजेसाठी घडवलेले हे पदक. आपल्याकडे ते देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी विसावले. अनेक टंक्यांवर १७४० हा आकडा दिसतो. तो घडवल्याचे साल मानू नये; असे बरेच टंके एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले आहेत.

घोटाळा पुढचा. कोणीतरी मागच्या बाजूला कंपनीच्या नाण्याचा तोंडवळा चढवला: 'ईस्ट इंडिया कंपनी', 'हाफ आना' किंवा 'वन आना', 'यूकेएल' ही अक्षरे आणि १६१६, १७१७, १८१८ अशी लक्षात राहणारी साले. आता याच पितळी चकतीचे लाखो रुपये सांगितले जातात.

साल पाहिले तरी बिंग फुटते. १६१६ साली कंपनीचे लोक सुरतेत वखार सांभाळत होते आणि टॉमस रो जहांगीरच्या दरबारात सवलती मागत होता. मुंबई कंपनीला मिळाली १६६८ मध्ये. तिथली टाकसाळ त्यानंतरची. एक आण्याचे नाणे सबंध हिंदुस्थानात चालू झाले ते १९०७ साली, सातव्या एडवर्डच्या काळात. तोवर कंपनी बुडूनही बरीच वर्षे लोटली होती. कंपनीचा १८३५ चा खरा अर्धा आणा तांब्याचा, सुमारे १३ ग्रॅमचा. एका अंगाला कंपनीचे चिन्ह, दुसऱ्या अंगाला पानांच्या वेढ्यात इंग्रजी आणि फारसी मजकूर. 'यूकेएल' कंपनीच्या एकाही खऱ्या नाण्यावर नाही.

विकणारा म्हणतो, कंपनीने देवांची नाणी पाडली होती. ते खरे आहे, पण मद्रासेकडे: तिथल्या होनांवर विष्णूची मूर्ती असे. ते होन सोन्याचे, साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर. पितळी अर्ध्या आण्याशी त्यांचा काही संबंध नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे 'राइस पुलर'. नाणे तांदूळ ओढते असे दाखवून लोकांची आयुष्यभराची पुंजी लुबाडतात. त्या तांदळात आधीच लोखंड मिसळलेले असते आणि नाण्यात चुंबक दडवलेले असते.

मोलाचे म्हणाल तर जुन्या चांदीच्या टंक्याला धातूची किंमत मिळते, कोरीव काम सुबक असेल तर संग्राहक वर चार पैसे देतात. कंपनीचे नाव असलेली पितळी चकती शे-दोनशे रुपयांची. घरात असेल तर ती देव्हाऱ्यातच राहू द्या. कोणी तिच्यासाठी लाखांचे गिऱ्हाईक आणून देतो म्हणाला आणि आधी 'तपासणीचे' पैसे मागितले, तर दार लावून घ्या आणि शेजाऱ्यालाही सावध करा.