जंगलाची मोजदाद: भारतीय वन सर्वेक्षणाची वाटचाल

देशात जंगल किती, या साध्या प्रश्नाला १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन उत्तरे होती आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. राज्यांच्या वनखात्यांच्या दप्तरी सुमारे साडेसात कोटी हेक्टर वनजमीन नोंदलेली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने मात्र लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमा वाचून वेगळेच चित्र मांडले. १९७२-७५ च्या सुमारास साडेपाच कोटी हेक्टरांवर जंगल होते आणि १९८०-८२ पर्यंत ते ४ कोटी ६३ लाखांवर आले, असे तिचे म्हणणे होते. एवढ्या थोड्या वर्षांत नव्वद लाख हेक्टर जंगल नाहीसे झाले, हे सहजी मान्य होण्यासारखे नव्हते. वाद झाले, मोजणीच्या पद्धती पुन्हा तपासल्या गेल्या आणि आकडा ६ कोटी ४० लाख हेक्टरांच्या घरात ठरला. घट दिसली होती तेवढी नसली, तरी दप्तरातली वनजमीन म्हणजे उभे जंगल नव्हे, हे मात्र कायमचे सिद्ध झाले.

हा घोळ निस्तरण्याच्या कामात डेहराडूनची एक तरुण संस्था होती, भारतीय वन सर्वेक्षण. तिचे मूळ १९६५ मध्ये सुरू झालेल्या वनसंपत्तीच्या गुंतवणूकपूर्व सर्वेक्षणात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चाललेल्या त्या कामाचा हेतू मर्यादित होता: कारखान्यांना लाकूड कुठून आणि किती मिळेल, याचा अंदाज घेणे. विमानातून काढलेली छायाचित्रे आणि जमिनीवरची मोजणी यांवर ते चाले. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये वनांच्या नियमित सर्वेक्षणासाठी कायमस्वरूपी संस्थेची शिफारस केली आणि १ जून १९८१ रोजी या कामाचे भारतीय वन सर्वेक्षणात रूपांतर झाले. लाकूड मोजणारी यंत्रणा जंगल मोजू लागली. माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. उपग्रह त्याच्या मदतीला आला.

पहिला वनस्थिती अहवाल १९८७ मध्ये निघाला. तेव्हाची पद्धत आज संगणकावर वाढलेल्या पिढीला सांगायला हवी. उपग्रहाची प्रतिमा कागदावर छापलेली असे. हिरवी पाने अवरक्त किरण जोरात परावर्तित करतात, म्हणून त्या कृत्रिम रंगांच्या प्रतिमेत जंगल लाल दिसे: दाट तिथे गडद, विरळ तिथे फिकट. त्यावर पारदर्शक कागद पसरून जाणकार माणूस नजरेने हद्द ठरवी आणि पेन्सिलीने रेघ ओढी. नकाशाचे प्रमाण दहा लाखांस एक. त्यावर दोन मिलिमीटरच्या चौकोनाहून लहान ठिपका काढणे शक्य नसे आणि तेवढ्या चौकोनात ४०० हेक्टर जमीन मावे. त्याहून लहान राई, देवराई, ओढ्याकाठची झाडोऱ्याची पट्टी नकाशावर नव्हतीच.

पुढची वाटचाल हा चौकोन लहान करण्याची आहे. १९८९च्या अहवालात प्रमाण अडीच लाखांस एक झाले आणि ४०० हेक्टरांची मर्यादा २५ वर आली. १९८८ मध्ये भारताचा आयआरएस-१ए उपग्रह अवकाशात गेला आणि नंतरच्या काळात डेहराडूनला स्वदेशी उपग्रहांच्या प्रतिमा वापरता येऊ लागल्या. २००१च्या अहवालासाठी प्रथमच साऱ्या देशाचे वाचन संगणकावर, पन्नास हजारांस एक या प्रमाणात झाले. आता एक हेक्टरचा तुकडाही दिसू लागला. १९९९च्या अहवालात वनाच्छादन ६,३७,२९३ चौरस किलोमीटर होते, ते २००१ मध्ये ६,७५,५३८ झाले. दोन वर्षांत एवढे जंगल वाढले नव्हते. आधी निसटलेले छोटे तुकडे हिशेबात आले होते. वनाच्छादनाच्या वाढीवर भाषणे करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, असे मला कळकळीने वाटते.

प्रतिमाही कोणत्याही महिन्याच्या चालत नाहीत. पावसाळ्यात ढग आड येतात, उन्हाळ्यात पानगळीची झाडे उघडी पडतात. चंद्रपूरचे सागवान एप्रिलमध्ये वरून पाहिले तर ओसाड माळ वाटेल. म्हणून मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरच्या प्रतिमा घेतात.

वरून पान दिसते, खोड दिसत नाही. लाकडाचा साठा, जमिनीतला कर्ब, नवी रोपे उगवतात की नाही, हे कळायला माणसाला जंगलातच जावे लागते. शिमला, कोलकाता, बंगळूर आणि नागपूर इथल्या प्रादेशिक कार्यालयांची पथके ठरलेल्या बिंदूवर जीपीएसने पोचतात, नमुना-भूखंड आखतात आणि जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीशी, प्रत्येक झाडाचा व्यास घेतात. बिंदू कड्यावर आला काय किंवा करवंदीच्या जाळीत आला काय, सोईची जागा निवडता येत नाही. राज्यांच्या वनव्यवस्थापनाच्या कार्य-आयोजनांना आधार द्यायचा तर तो या मोजणीचाच हवा, नुसत्या नकाशाचा नव्हे.

२००४ पासून संस्थेने वणव्याचे निरोप पाठवायला सुरुवात केली. उपग्रह वरून जाताना तापलेला ठिपका टिपतो. पूर्वी तो एक किलोमीटरचा असे, नव्या संवेदकाने ३७५ मीटरवर आला. त्या ठिपक्याचे अक्षांश-रेखांश वनहद्दींच्या डिजिटल नकाशावर ठेवले की आग कोणत्या परिक्षेत्रात, कोणत्या नियतक्षेत्रात आहे हे कळते आणि संदेश मोबाइलवर जातो. विदर्भात मोहफुले वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूपत्त्याच्या हंगामाआधीही आगी लागतात. अशा वेळी वनरक्षकाला योग्य ठिकाण मिळणे ही मोठीच मदत. पण त्यासाठी नियतक्षेत्रांच्या हद्दी आधी अचूक डिजिटल व्हाव्या लागतात. जुन्या कापडी नकाशांवरच्या रेषा संगणकात उतरवण्याचे ते किचकट काम ज्यांनी केले, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. आणि आग शेवटी माणसेच विझवतात, झाडाच्या ओल्या डहाळ्या आणि ब्लोअर घेऊन.

डिसेंबर २०२४ मध्ये अठरावा अहवाल आला. वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, देशाच्या भूभागाच्या २१.७६ टक्के. वनाच्छादनाची व्याख्या अशी: एक हेक्टर किंवा अधिक जमीन, वृक्षछत्र दहा टक्के किंवा अधिक, मालकी कोणाचीही, झाड कोणतेही. त्यामुळे देवगडची हापूसची बाग आणि आंबोलीचे सदाहरित जंगल यांची बेरीज एकाच आकड्यात होते. उपग्रहाला छत्र दिसते, त्याखाली शेकडो जातींची गुंतागुंत आहे की ओळीने लावलेली कलमे, हे त्या आकड्यातून कळत नाही. कोकणात जुने जंगल तोडून काजू किंवा रबर लावले, तरी काही वर्षांत आकडा पूर्ववत होऊ शकतो. पर्यावरण अभ्यासकांनी यावर वारंवार बोट ठेवले आहे आणि ते बरोबर आहे.

नैसर्गिक जंगल आणि लागवड वेगळी दाखवणे संस्थेच्या आवाक्याबाहेरचे नाही. चॅम्पियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांच्या वर्गीकरणानुसार वनप्रकारांचे नकाशे तिने केलेलेच आहेत आणि त्यांत लागवडीचा वेगळा गट आहे. प्रत्येक राज्याच्या तक्त्यात वनाच्छादनाच्या एकूण आकड्याशेजारी नैसर्गिक जंगल किती आणि लागवड व बागा किती, असे दोन रकाने जिल्हावार छापावेत. सिंधुदुर्ग आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही.