टॉन्सिलभोवतीचे गळू : साधी घसादुखी कधी गंभीर होते?

टॉन्सिलचा जंतुसंसर्ग टॉन्सिलच्या वेष्टणाबाहेर पसरून, ते वेष्टण आणि घशाचा स्नायू यांच्यामधल्या मऊ जागेत पू साचला की त्याला टॉन्सिलभोवतीचे गळू म्हणतात. हे गळू बहुधा एकाच बाजूला होते आणि किशोरवयीन मुले व तरुणांमध्ये जास्त आढळते. सुश्रुतसंहितेत कंठाच्या रोगांमध्ये ‘गलविद्रधि’ हे नाव येते. म्हणजे घशातले गळू आपल्याकडच्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते.

सुरुवात नेहमीच्या घसादुखीने होते. लोणावळ्यात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस असतो आणि घराघरांत सर्दी-खोकला चालू असतो, त्यामुळे तिकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. पाऊस किंवा चिक्की यांनी गळू होत नाही. ते होते जंतूंमुळे, मुख्यतः स्ट्रेप्टोकोकस आणि प्राणवायूशिवाय वाढणारे काही जीवाणू. ओलसर हवेत लोक दारे-खिडक्या लावून एकत्र बसतात, तेव्हा संसर्ग पसरायला सोपे जाते, इतकाच पावसाचा हात.

साधा टॉन्सिलचा त्रास तीन-चार दिवसांत उतरू लागतो. गळू होत असेल तर उलटे घडते. दुखणे एका बाजूला एकवटते आणि त्याच बाजूच्या कानात कळ जाते. ताप चढतो, थुंकी गिळवत नाही म्हणून लाळ गळते, आवाज तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा येतो. जबड्याचे स्नायू आखडल्यामुळे तोंड पुरते उघडत नाही. ही खूण विशेष महत्त्वाची. आत पाहिले तर पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकललेली दिसते.

अशा वेळी मीठ-हळदीच्या गुळण्यांवर रात्र काढू नये. बोटाने गाठ दाबणे किंवा फोडू पाहणे तर धोक्याचेच, कारण मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी तेथून जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरवर असते. पू मानेत खोल उतरला तर श्वास अडू शकतो, क्वचित संसर्ग छातीपर्यंत पोहोचतो. श्वासाला त्रास असेल तर थेट १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मावळात तळेगाव दाभाडे येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे; लोणावळ्याहून तेथे जाताना घाट उतरावा लागत नाही.

उपचारात नुसत्या गोळ्या बहुधा पुरत नाहीत, पू बाहेर काढावा लागतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ जागा बधिर करून सुईने पू ओढतात किंवा छोटा छेद देतात. पू निघताच तोंड उघडू लागते आणि रुग्णाला अक्षरशः हायसे वाटते. गिळता येईपर्यंत सलाईन आणि प्रतिजैविके शिरेतून दिली जातात, पुढे गोळ्या. बरे वाटले म्हणून त्या मध्येच सोडू नयेत.

साधारण दहापैकी एका रुग्णाला गळू पुन्हा होते. ज्यांना ते वारंवार होते, त्यांचे टॉन्सिल काढण्याचा सल्ला दिला जातो. शस्त्रक्रिया सहसा सूज ओसरल्यावर, काही आठवड्यांनी करतात.