प्रहेलिका, भेंडी आणि मनी काही नसलेला राजा

दंडीच्या ‘काव्यादर्शा’चे पहिले दोन परिच्छेद साहित्याचा विद्यार्थी निदान चाळतो. मार्गविचार संपतो, अलंकार संपतात, आणि मग पुस्तक मिटले जाते. तिसऱ्या परिच्छेदात यमके आहेत, चित्रबंध आहेत आणि प्रहेलिका आहेत, म्हणजे ज्यांना आपण कोडी म्हणतो त्या. परीक्षेच्या दृष्टीने हा मजकूर निरुपयोगी, आणि गंभीर समीक्षकाच्या दृष्टीने तो संस्कृत काव्याच्या ऱ्हासाची पूर्वसूचना. आम्हांला मात्र या परिच्छेदातील एक लहानसा श्लोक दंडीच्या साऱ्या अलंकारचर्चेहून अधिक मोलाचा वाटत आला आहे. प्रहेलिकांचा उपयोग काय, या प्रश्नाला दंडी त्यात तीन उत्तरे देतो: मित्रांच्या गोष्ठीत करमणूक म्हणून, गर्दीत जाणकारांनी आपापसांत गुप्तपणे बोलावे म्हणून, आणि दुसऱ्याला चकवावे म्हणून.

यांतले पहिले आणि तिसरे उत्तर कुणालाही सुचले असते. दुसऱ्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. गर्दी आहे, सगळे ऐकत आहेत, आणि तरीही बोलणे दोघातिघांतच चालले आहे. कोड्याचा खरा विषय उत्तर नसून ते उत्तर ठाऊक असणाऱ्यांचे वर्तुळ हा आहे, हे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास कांचीच्या एका पंडिताने ओळखले होते.

आम्ही काही मित्र गेली अनेक वर्षे एकमेकांना संगीतातली आणि साहित्यातली कोडी घालत असतो. कुणी पुण्यात, कुणी मडगावात, दोघे समुद्रापार. त्यांतल्या काहींची प्रत्यक्ष भेट आजवर झालेली नाही. खेळ अगदी हलकाफुलका आहे, बक्षीस नाही, गुण नाहीत. एक नियम मात्र कसोशीने पाळला जातो: ज्याला उत्तर सापडेल त्याने ते उघड सांगायचे नाही, आपल्याला कळले आहे एवढे सुचवणारे दुसरे एखादे वाक्य लिहायचे. ते वाक्य जाणकाराला पटते आणि इतरांना आणखी एक कोडे होऊन बसते. दंडीचा दुसरा उपयोग आमच्यापैकी बहुतेकांनी वाचलेला नव्हता. पण तो नकळत अमलात आला होता.

उदाहरणार्थ, एकदा विचारले गेले: ‘राजा आहे, पण मनी काही नाही. ओळखा.’ पुराणांतले विरक्त राजे शोधून झाले, भर्तृहरी झाला, जनक झाला. उत्तर होते भूप. भूप म्हणजे राजा. आणि भूप या औडव रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत, म्हणजे त्याच्याकडे ‘म-नी’ नाहीत. दंडीने प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. पदे जोडल्यामुळे जिथे अर्थ लपतो ती समागता, आणि मूळ शब्दाऐवजी पर्याय ठेवून जी साधते ती समानशब्दा. या कोड्यात दोन्ही आहेत, म्हणून ते शेवटच्या, संकीर्णा या प्रकारात घालावे लागेल. रागाचे नाव शब्दांत लपवण्याची ही हौस काही आजची नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात, तिरुवारूरला जन्मलेल्या मुत्तुस्वामी दीक्षितरांनी आपल्या कृतींत रागाचे नाव गुंफले आहे, आणि अनेकदा ते अशा खुबीने की दोन पदांच्या सांध्यात ते दडून बसावे. भक्तीच्या ऐन भरात श्रोत्याला एक कोडे घालावेसे वाटणे, हे आम्हांला त्या थोर वाग्गेयकाराविषयी विशेष आपुलकी वाटायला लावते.

समानशब्दा हा प्रकार तर आमच्या मंडळात फारच फोफावला. प्रसिद्ध पुस्तकाचे नाव घ्यायचे आणि त्यातील प्रत्येक शब्दाला जडजंबाल पर्याय द्यायचा. ‘कृष्णवर्णाची जननी’ म्हणजे ‘श्यामची आई’, हे पहिल्या दिवशीचे, बालवर्गाचे. ‘आलुकाचे बहुकुटुंबगृह’ या नावाखाली ‘बटाट्याची चाळ’ ओळखायला थोडा वेळ लागला, आणि ओळखल्यावर जे हसू आले ते पु. लं.च्या पुस्तकाइतकेच आमच्या शासकीय परिभाषेवरही होते. हिंदी चित्रपटगीतांची अशीच मराठी रूपांतरे करून मूळ गाणे विचारण्याचा खेळ पुष्कळांनी खेळला असेल. त्यातली गंमत अशी की, चाल हरवली आणि शब्द बदलले, तरी वाक्याचा सांगाडा शिल्लक राहतो आणि त्या सांगाड्यावरून कान गाणे ओळखतो. कवितेत भाषांतरानंतर काय उरते, यावर वर्गात तासभर बोलून जे समजावता येत नाही ते या खेळात दहा मिनिटांत अनुभवाला येते.

वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त नागरकाच्या गोष्ठीचे वर्णन आहे. समान विद्या, शील आणि वय असलेली माणसे एकत्र जमत आणि तिथे काव्यसमस्या वा कलासमस्या चालत. म्हणजे साहित्य आणि संगीतादी कला यांची कोडी एकाच बैठकीत शेजारी-शेजारी बसलेली आहेत. चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिकेनंतर लगेच प्रतिमाला येते, आणि प्रतिमाला म्हणजे अंत्याक्षरी, असा खुलासा जयमंगला टीकेत आहे. हे दोन्ही प्रकार खेळासाठीही असतात आणि वादासाठीही, असेही तीच टीका सांगते. याच प्रकरणात वात्स्यायन गोष्ठीविषयी एक शहाणपणाचा सल्ला देतो: फार संस्कृतात बोलू नये, फार देशभाषेतही बोलू नये, असा माणूस लोकांत मान पावतो. हा सल्ला पाळला गेला असता तर पुढील बराचसा वाद टळला असता.

प्रतिमालेचे मराठी नाव भेंड्या. हरणाऱ्या पक्षावर ‘भेंडी चढते’, हे नाव कुणी का ठेवले असेल ते असो, पण ते अंत्याक्षरीपेक्षा घरगुती आहे खरे. पूर्वी भेंड्या श्लोकांच्या आणि आर्यांच्या असत, मग गाण्यांच्या झाल्या, आणि इ.स. १९९३ मध्ये झी वाहिनीने त्यांना दिवाणखान्यातल्या पडद्यावर आणले. मराठीत ण आणि ळ यांनी कोणताही शब्द सुरू होत नाही. म्हणून ‘ण’वर अडले तर न घ्यायचा आणि ‘ळ’वर अडले तर ल, अशी सवलत पोरांनी आपापसांत कधीच मंजूर करून टाकली होती. वर्णव्यवस्थेचा (व्याकरणातल्या!) एवढा व्यवहारी विचार फारच थोड्या वैयाकरणांनी केला असेल.

आता त्या वादाकडे. भामहाला प्रहेलिका आवडत नसत. काव्येही जर शास्त्रासारखी टीका वाचूनच कळू लागली, तर तो केवळ बुद्धिमंतांचा उत्सव होईल आणि मंदमतींचा घात होईल, अशा आशयाची हळहळ त्याने व्यक्त केली आहे. याउलट ‘भट्टिकाव्या’च्या शेवटी भट्टी हेच शब्द जवळजवळ जसेच्या तसे, पण अभिमानाने उच्चारतो: माझे काव्य टीकेनेच कळणारे आहे, सुज्ञांचा तो उत्सव आहे, आणि विद्वानांवरील प्रीतीपोटी मी मंदमतींना इथे मारले आहे. कुणी कुणाचे वाक्य उलटवले यावर विद्वानांत एकमत नाही. परंतु एकाच वाक्याचे तक्रार आणि फुशारकी असे दोन्ही अर्थ व्हावेत, यातच कोड्याच्या इतिहासातला मुख्य पेच सापडतो. उत्सव कोणाचा, आणि घात कोणाचा?

पुढच्यांनी बहुधा भट्टीची बाजू घेतली. लेखक म्हणून बसलेल्या गणपतीला विचार करायला लावण्यासाठी व्यासांनी अधूनमधून कूटश्लोक रचले, ही कथा तर महाभारतालाच चिकटली. असे आठ हजार आठशे श्लोक आहेत, ते व्यास जाणतात, शुक जाणतो, संजय जाणतो किंवा जाणतही नाही, असे तिथे म्हटले आहे. (पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीने गणपतीचा हा प्रसंग परिशिष्टात धाडला, संजयाला बिचाऱ्याला तेवढाच दिलासा.) मराठीत मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचले. हे कौशल्य खरे. पण दंडीच्याच नावावर असलेल्या ‘दशकुमारचरिता’त एक कुमार आपली हकिकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखत आहेत. पंतांच्या रामायणाला असे काही कारण नाही, आणि आमच्या मते तोच दोघांतला फरक आहे.

गर्दीत जाणकारांनी गुप्त बोलावे, या दंडीच्या वाक्याचे सर्वांत गंभीर रूप मराठीत महानुभावांच्या लिप्यांत दिसते. पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले. त्यांत करमणूक मुळीच नव्हती. श्रद्धाधन जपायचे होते. परिणाम असा की ‘लीळाचरित्रा’सारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ पंथाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतके अगम्य राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी लिपीची उकल केली, पंथातील मंडळींनीही दारे उघडली, आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने मांडावा लागला. एका कोड्याचे उत्तर न मिळाल्याने भाषेला आपला आरंभच ठाऊक नसावा, याहून मोठी भेंडी कोणती चढायची?

याच भाषेत दुसऱ्या टोकाला उघडी कोडी होती. उखाणा या शब्दाचा एक अर्थ कोडे असा आहे, आणि नाव घेण्याच्या उखाण्यात नवऱ्याचे नाव लपवायचे तर असते, पण ते सगळ्यांना आधीच माहीत असते. गोव्यात कोकणी माणूस कोड्याला हुमाण म्हणतो. घरातली म्हातारी ते घालते आणि नातवंडे सोडवतात. आणि सर्वांत रसरशीत म्हणजे कलगी-तुऱ्याचा भेदिक. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला. एकाने पुराणातला वा वेदान्तातला सवाल लावणीत बांधून टाकायचा आणि दुसऱ्याने जवाब गाऊन द्यायचा. साहित्याची आणि संगीताची परीक्षा इथे एकाच दमात होते. विषय ब्रह्म-मायेचा असला, तरी ऐकणारे शास्त्री नव्हते. रात्र जागवणारे शेतकरी, कारागीर होते. भामहाच्या लेखी जे मंदमती, त्यांच्यासमोर प्रहेलिका शतकानुशतके गायली गेली आणि कुणाचाही घात झाला नाही. अनंत माने यांच्या ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) या चित्रपटाचे नावच या परंपरेवर उभे आहे.

अलीकडे आमच्या खेळावर एक संकट आले आहे, असे काही मित्र म्हणतात. पूर्वी गाण्याचे भाषांतर करून विचारले की शोधयंत्राला ते सापडत नसे. आजची यंत्रे अर्थावरूनही मूळ शोधतात. आम्हांला हे संकट वाटत नाही. उत्तर मिळवण्याचा मार्ग टीकाग्रंथांच्या रूपाने भट्टीच्या काळीही उपलब्ध होताच. यंत्राने उत्तर आणून दिले, तरी ते कळल्याची खूण करणारे दुसरे वाक्य आपले आपल्यालाच लिहावे लागते, आणि त्या वाक्यावरून माणूस ओळखता येतो. खरी अडचण दुसरीकडे आहे. आमच्या कोड्यांचा साठा कुणाच्या घरातून आला? ज्या घरांत पुस्तकांचे कपाट होते आणि रेडिओवर रात्री राग लागत, त्या घरांतून. वर्गात ‘कृष्णवर्णाची जननी’ विचारल्यावर जो विद्यार्थी गप्प राहतो तो मंदमती नसतो. त्याचा साठा वेगळा असतो, इतकेच. आणि त्या साठ्यातले कोडे त्याला कुणी विचारलेले नसते.

गेल्या वर्षी आमच्या मंडळातील एका प्राध्यापिकेने आपल्या एका विद्यार्थिनीला खेळात घेतले. तिचे पहिलेच कोडे असे होते: ‘तीन पावलांत त्रिभुवन मोजणारा थोरला भाऊ. गावोगाव गात हिंडला. कोण?’ मंडळात संस्कृतचे तीन अध्यापक आहेत. तिघांनीही त्याच संध्याकाळी, आपापल्या परीने उत्तर सुचवणारी डौलदार वाक्ये लिहिली, आणि तिन्ही वाक्यांचा रोख एकच होता: इंद्र. वामन हा उपेंद्र, म्हणजे इंद्राचा धाकटा भाऊ. म्हणून वामनाचा थोरला भाऊ तो इंद्र. गावोगाव गात हिंडण्याची अडचण गंधर्वांकडे बोट दाखवून मिटवली गेली. दोन दिवस कुणीच हलले नाही. तिसऱ्या दिवशी त्या मुलीने नियम मोडून उत्तर सरळ लिहून टाकले: वामनदादा कर्डक.

सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा, इ.स. १९२२ ते २००४ असे आयुष्य लाभलेला, आंबेडकरी चळवळीची गाणी वस्त्यावस्त्यांत पोहोचवणारा हा लोकशाहीर. तिच्या घरी त्याची गाणी अंत्याक्षरीत येतात. तिच्या कोड्यात षष्ठी नव्हती, सरळ समास होता. ‘मोजणाऱ्याचा’ असे तिने लिहिलेच नव्हते, ‘मोजणारा’ असे लिहिले होते, आणि तिघा वैयाकरणांनी ती विभक्ती आपल्या मनाने घातली होती. त्यांपैकी एकाचे म्हणणे अजूनही असे आहे की, ‘दादा’ला ‘थोरला भाऊ’ हा पर्याय देऊन नातेवाचक शब्द वापरला की कुणाचा ही आकांक्षा उत्पन्न होतेच, तेव्हा इंद्र हेही उत्तर ग्राह्य धरावे. मुलीचे म्हणणे, इंद्राने एकही गाणे लिहिलेले नाही. भेंडी कुणावर चढली हे अद्याप ठरायचे आहे, आणि तिने तोवर दुसरे कोडे घातले आहे.