शिपायांची कविता

शाळांमधून कवितेवर बोलताना मी विल्फ्रेड ओवेनची गोष्ट हमखास सांगतो. हा इंग्रज कवी-सैनिक ४ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये मारला गेला. आठवड्यानं युद्ध थांबलं. छत्रपती संभाजीनगरातल्या एका मुलीनं विचारलं, “सर, आपलेही शिपाई होते ना? त्यांच्या कविता कुठं आहेत?”

प्रश्न रास्त होता. मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. फ्रान्सच्या खंदकांतही हजारो हिंदी शिपाई होते. पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. ते सांगत आणि दुसरा कुणी पत्र लिहून देई. टपाल तपासणारे सरकारी अधिकारी ही पत्रं वाचत. त्यांचा प्रमुख एव्हलिन हॉवेल यानं जानेवारी १९१५ च्या अहवालात नोंदवलं, की शिपाई पत्रांतून कवितेकडे वळू लागलेत आणि हे मन अस्वस्थ झाल्याचं लक्षण दिसतं. पत्रांतले उतारे इंग्रजी भाषांतरात लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहेत.

सरकारला जे दुखण्याचं लक्षण वाटलं, ती आपल्या शिपायांची युद्धकविता होती. ओवेनचं पुस्तक निघालं, यांची नावं मात्र फारशी कुणाला ठाऊक नाहीत. म्हणून मुलांना सांगतो, घरातल्या थोरल्यांना विचारा. लढाईवर गेलेल्या कुणाचं पत्र, एखादी ओवी आठवत असेल, तर आजच उतरवून घ्या.